खाण संपली, गाव उरले



लागण, खोडवा, तोडणी, रिकव्हरी याबद्दल आम्ही या पानावर नेहमीच लिहितो. आज जरा लांबच्या गावाची हकीकत सांगतो. गाव उसाचे नाही, कोळशाचे आहे. पण त्याचे दुखणे आपल्याला परके वाटणार नाही.

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो. तिच्यापासून दहा-पंधरा किलोमीटरवर न्यूटनग्रेंज हे गाव आहे. 1890 साली लोथियन कोल कंपनी निघाली आणि तिने येथे ‘लेडी व्हिक्टोरिया’ ही खाण खणली. खोली सुमारे 1,650 फूट! माणसे रोज पाळण्यातून एवढ्या खोल उतरत. पाळणा ओढायला वाफेचे अवाढव्य इंजिन होते.

कंपनीने कामगारांसाठी विटांच्या घरांच्या रांगाच्या रांगा बांधल्या. गल्ल्यांना नावेसुद्धा काय, तर पहिली, दुसरी, तिसरी! घर कंपनीचे, त्यामुळे नोकरी गेली की घरही गेले. मंगो मॅके नावाचा व्यवस्थापक तर खाणीबाहेरच्या वागणुकीबद्दलही माणसाला कचेरीत बोलावून जाब विचारी. पगार, घर, पत, सगळ्याची दोरी एकाच हातात होती.

1 जानेवारी 1947 रोजी खाणी सरकारच्या झाल्या. मालक बदलला, पण गावाचे पोट कोळशावरच राहिले. 1981 साली लेडी व्हिक्टोरिया बंद झाली. पुढे 1989 मध्ये शेजारची बिल्स्टन ग्लेन खाणही गेली.

मॉंकटनहॉल या जवळच्या खाणीची गोष्ट तर सहकारातल्या माणसाने मुद्दाम ऐकावी. सरकारने ती बंद केल्यावर 1992 साली खाणकामगारांनीच पुढे होऊन प्रत्येकी दहा हजार पौंड घातले आणि खाण पुन्हा चालू केली. हिंमत मोठी, पण खाणीचा खर्च त्याहून मोठा. शेवटी बाहेरचे भांडवल आले आणि 1997 मध्ये तीही कायमची मिटली. मालकी आपली झाली म्हणजे धंदा आपोआप तरतो असे नाही, बरं का!

मग न्यूटनग्रेंजमध्ये उरले काय? खाणीच्या जागेवर 1984 पासून खाणकामाचे संग्रहालय उभे राहिले. ते इंजिन तेथे पाहायला मिळते. 1969 साली बंद पडलेला रेल्वेमार्ग सप्टेंबर 2015 मध्ये पुन्हा सुरू झाला, गावाला स्टेशन मिळाले. आता पुष्कळ लोक कामाला एडिंबरोला जातात.

आणखी एक गोष्ट उरली, ती म्हणजे ‘डीन टॅव्हर्न’ हे मद्यगृह. आम्ही दारूची भलामण करीत नाही, हे आधीच सांगतो! पण त्याचा कारभार पाहण्यासारखा आहे. 1899 साली ते स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहराच्या पद्धतीवर सुरू झाले. या पद्धतीत भागधारकाला शेकडा पाचपेक्षा जास्त लाभांश नाही, उरलेला नफा गावासाठी. लाभांशावरची मर्यादा आपल्याला काही नवीन नाही. त्या पैशातून मैदान, बाग अशा सोयी झाल्या. कंपनी गेली, सरकारी महामंडळ गेले, खाण गेली. हा विश्वस्तांचा कारभार मात्र टिकला.

आम्हाला यात एकच गोष्ट दिसते. सुगीच्या दिवसांत जे गावाच्या नावावर केले, तेच पडत्या काळात गावाच्या हाती राहिले. जे फक्त पगारावर चालले होते, ते पगाराबरोबर गेले.

कोळसा एकदा काढला की संपला. ऊस पुन्हा फुटतो, हे आपले भाग्य. पण पाणी आटले, जमीन खारवली, तर खोडवा तरी कशावर धरणार? ऊस वाढवा हे सांगणे आमचे कामच आहे, आणि ते आम्ही सांगतच राहू. पण घरात दुसरा एखादा जोडधंदा असू द्या, पोरांच्या हाताला दुसरे कसब असू द्या. आणि सर्वसाधारण सभेत उसाच्या दरावर जेवढ्या तावातावाने बोलता, तेवढेच शाळा, दवाखाना आणि पाण्याच्या निधीवरही बोला. धुराडे पेटते आहे तोवरच हे जमते.