अवकाशातील वस्तूंची आंतरराष्ट्रीय नोंद : करार आणि कार्यपद्धती

२ एप्रिल २०२२ च्या रात्री महाराष्ट्र, मध्य प्रदेश व गुजरातच्या अनेक भागांत आकाशातून जळत जाणारे तेजस्वी पट्टे लोकांनी पाहिले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. परिसरातील इतर गावांतही गोलाकार टाक्या सापडल्या. हे अवशेष चीनच्या लाँग मार्च-३बी या अग्निबाणाच्या एका टप्प्याचे असावेत, असे मत तज्ज्ञांनी कक्षांचा अभ्यास करून व्यक्त केले. पुढील वर्षी, जुलै २०२३ मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एक मोठे नळकांडे वाहून आले. ते भारताच्या पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्याचे असण्याची दाट शक्यता असल्याचे ऑस्ट्रेलियाच्या अवकाश संस्थेने जाहीर केले. म्हणजे एका प्रसंगी परक्याची वस्तू आपल्या भूमीवर आली, तर दुसऱ्या प्रसंगी आपली वस्तू परक्या भूमीवर गेली.

आकाशातून पडलेली वस्तू कोणाची, हा प्रश्न कुतूहलापुरता मर्यादित नाही. तिच्यामुळे हानी झाली तर भरपाई कोणी द्यावयाची, ती वस्तू कोणाला परत करावयाची आणि कक्षेत असताना तिच्यावर कोणाचा कायदा चालतो, हे सारे त्या उत्तरावर अवलंबून असते. त्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघात एक नोंदवही ठेवली जाते. तिचे काम व्हिएन्ना येथील बाह्य अवकाश विषयक कार्यालय पाहते.

स्पुटनिक-१ हा पहिला कृत्रिम उपग्रह ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडला गेला. त्यानंतर चार वर्षांनी, २० डिसेंबर १९६१ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव क्रमांक १७२१-बी संमत करून प्रक्षेपणांची माहिती सरचिटणीसांमार्फत बाह्य अवकाश समितीला देण्याचे आवाहन राष्ट्रांना केले. १९६२ पासून नोंदवही सुरू झाली. परंतु ठराव हा करार नव्हे, त्यामुळे माहिती देणे ऐच्छिक राहिले. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या आठव्या अनुच्छेदाने या विषयाला कायद्याचा पाया दिला. ज्या राष्ट्राच्या नोंदवहीत वस्तूची नोंद आहे, त्या राष्ट्राचा तिच्यावरील अधिकार व नियंत्रण ती अवकाशात असतानाही कायम राहते, असे हा अनुच्छेद सांगतो. जहाजाला जसा ध्वज, तशी उपग्रहाला नोंद, ही तुलना ढोबळ असली तरी समजण्यास उपयुक्त आहे.

पुढे १२ नोव्हेंबर १९७४ रोजी आमसभेने नोंदणी कराराचा मसुदा स्वीकारला. १४ जानेवारी १९७५ रोजी तो स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि १५ सप्टेंबर १९७६ पासून अंमलात आला. भारत या करारात १९८२ मध्ये सामील झाला. आज या कराराचे सदस्य ७५ च्या आसपास आहेत, तर १९६७ च्या मूळ कराराचे ११० हून अधिक. हा फरक परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावा. जी राष्ट्रे नोंदणी कराराबाहेर आहेत, ती आजही १९६१ च्या ठरावाखाली माहिती देऊ शकतात आणि त्यांची कागदपत्रे वेगळ्या मालिकेत प्रसिद्ध होतात.

या कराराचा कणा म्हणजे ‘प्रक्षेपक राष्ट्र’ ही संकल्पना होय. वस्तू स्वतः सोडणारे, दुसऱ्याकडून सोडवून घेणारे, ज्याच्या भूमीवरून ती सुटते ते आणि ज्याची प्रक्षेपण सुविधा वापरली जाते ते, अशी चारही राष्ट्रे या व्याख्येत येतात. आपला आर्यभट उपग्रह १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातील कापुस्तिन यार येथून सोव्हिएत अग्निबाणाने सुटला. व्याख्या लावून पाहिली तर प्रक्षेपण घडवून आणणारा भारत आणि भूमी व अग्निबाण पुरविणारा सोव्हिएत संघ, दोघेही प्रक्षेपक राष्ट्रे ठरतात. एकाहून अधिक प्रक्षेपक राष्ट्रे असली तरी नोंद मात्र एकानेच करावयाची आणि ते राष्ट्र कोणते, हे आपसात ठरवावयाचे असते. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी पीएसएलव्ही-सी३७ ने एकाच उड्डाणात १०४ उपग्रह कक्षेत सोडले. त्यांपैकी १०१ परदेशी होते व ९६ एकट्या अमेरिकेचे. प्रक्षेपण श्रीहरिकोट्याहून झाल्याने व्याख्येनुसार भारत या सर्वांचाच प्रक्षेपक ठरतो. अशा वेळी परदेशी उपग्रहांची नोंद ग्राहक राष्ट्राने करावी, हाच सोयीचा मार्ग असतो. मात्र नोंद दुसऱ्याने केली म्हणून प्रक्षेपक राष्ट्राचे दायित्व संपत नाही, ही बाब अनेकदा नजरेआड होते.

हे दायित्व १९७२ च्या करारात सांगितले आहे. जमिनीवर किंवा उडत्या विमानाला हानी झाली तर प्रक्षेपक राष्ट्राचे दायित्व निरपवाद असते, चूक सिद्ध करावी लागत नाही. अवकाशातच दोन वस्तूंची टक्कर झाली तर मात्र दोष दाखवावा लागतो. २४ जानेवारी १९७८ रोजी अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस-९५४ कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. किरणोत्सारी तुकड्यांच्या शोधासाठी झालेल्या खर्चापोटी कॅनडाने साठ लाखांहून अधिक कॅनेडियन डॉलरांची मागणी केली आणि १९८१ मध्ये तीस लाख डॉलरांवर तडजोड झाली. वस्तू कोणाची याबद्दल तेथे वाद नव्हता. तसा वाद असता तर मागणी कोणाकडे करावयाची हाच पहिला प्रश्न उभा राहिला असता.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. राष्ट्राने प्रथम स्वतःची नोंदवही ठेवावी आणि नंतर ‘व्यवहार्य तितक्या लवकर’ सरचिटणीसांना पाच बाबी कळवाव्यात, असे करार सांगतो : प्रक्षेपक राष्ट्राचे वा राष्ट्रांचे नाव, वस्तूचे ओळखचिन्ह किंवा नोंदणी क्रमांक, प्रक्षेपणाची तारीख व ठिकाण, कक्षेची मूलभूत मापे, म्हणजे परिभ्रमणकाल, कल, अपभू व उपभू अंतर, आणि वस्तूचे सर्वसाधारण कार्य. भारताची माहिती व्हिएन्ना येथील स्थायी दूतावासाकडून राजनैतिक टिपणाच्या रूपाने जाते. कार्यालयातील कर्मचारी ती तपासतात, आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाशी ताडून पाहतात (चंद्रयान-३ चा असा क्रमांक २०२३-०९८ए आहे), त्रुटी आढळल्यास संबंधित दूतावासाशी पत्रव्यवहार करतात आणि माहिती अधिकृत दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध करतात. वस्तू कक्षेतून खाली आली की तेही कळविणे अपेक्षित असते. काम संथ व कारकुनी वाटते, पण एका चुकीच्या तारखेने एका उपग्रहाची ओळख दुसऱ्याला चिकटू शकते.

कराराच्या मर्यादाही येथेच दिसतात. ‘व्यवहार्य तितक्या लवकर’ याला मुदत नाही, म्हणून काही नोंदी महिन्यांनी, तर काही वर्षांनी येतात. ‘सर्वसाधारण कार्य’ या रकान्यात अनेक राष्ट्रे इतके मोघम लिहितात की हवामानाचा उपग्रह कोणता आणि टेहळणीचा कोणता, हे त्यावरून कळू नये. रशिया लष्करी उपग्रहांबाबत संरक्षण मंत्रालयाच्या कामासाठी, एवढेच नमूद करतो. १७ डिसेंबर २००७ च्या आमसभा ठराव ६२/१०१ ने एकसारखी एकके, भूस्थिर उपग्रहांचे स्थान आणि मालकीबदलाची माहिती देण्याची शिफारस केली. परंतु ती शिफारसच होय.

मालकीबदल हा यातील सर्वांत अवघड भाग. नोंद फक्त प्रक्षेपक राष्ट्रच करू शकते आणि प्रक्षेपक राष्ट्र हे प्रक्षेपणाच्या क्षणीच ठरते. मग कक्षेतील उपग्रह तिसऱ्या देशातील कंपनीने विकत घेतला तर? १ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग चीनकडे गेले, तेव्हा तेथील कंपन्यांचे एशियासॅट आदी उपग्रह ब्रिटनच्या नोंदीतून चीनच्या नोंदीत गेले. याउलट नेदरलँड्सने एनएसएस-६ व एनएसएस-७ यांच्याबाबत, आपण प्रक्षेपक राष्ट्र नाही, मात्र १९६७ च्या करारानुसार देखरेखीची जबाबदारी स्वीकारतो, अशी भूमिका घेतली.

विद्यार्थ्यांचा नेहमी होणारा एक गोंधळ येथे दूर करणे योग्य ठरेल. रेडिओ वारंवारिता व भूस्थिर कक्षेतील स्थाने जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे नोंदविली जातात, आणि उपग्रहांचा मागोवा घेणारी अमेरिकन लष्कराची सूची वेगळी असते. या दोन्हींचा संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीशी संबंध येतो, पण त्या तिची जागा घेत नाहीत. तसेच कक्षेत न जाणाऱ्या अग्निबाणांना नोंदीची गरज नसते. थुंब्याचे संशोधक अग्निबाण किंवा १८ नोव्हेंबर २०२२ रोजी उडालेले विक्रम-एस हे खासगी यान, दोन्ही याच कारणाने बाहेर राहतात.

खासगी कंपन्या आल्याने भारतातही या कामाचा व्याप वाढला आहे. १९६७ च्या कराराचा सहावा अनुच्छेद खासगी उपक्रमांना परवानगी देण्याची व त्यांच्यावर सतत देखरेख ठेवण्याची जबाबदारी राष्ट्रावर टाकतो. २०१७ मध्ये अवकाश उपक्रम विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला, पण त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. २०२० मध्ये इन-स्पेस ही संस्था स्थापन झाली आणि २०२३ च्या भारतीय अवकाश धोरणाने परवानगीचे काम तिच्याकडे सोपविले. या क्षेत्रात येणाऱ्यांना कायदा, कक्षाशास्त्राचे प्राथमिक ज्ञान आणि राजनैतिक पत्रव्यवहाराची शिस्त, या तिन्हींची गरज असते. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी मॅनफ्रेड लाक्स अवकाश कायदा अभिरूप न्यायालय स्पर्धा ही चांगली पूर्वतयारी आहे. ज्यांच्या नावे ती चालते, ते लाक्स १९६७ च्या कराराच्या मसुद्याच्या काळात बाह्य अवकाश समितीच्या विधी उपसमितीचे अध्यक्ष होते.

सध्या या उपसमितीसमोर असलेल्या प्रश्नांत कक्षेतील कचऱ्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे. १० फेब्रुवारी २००९ रोजी निकामी कॉसमॉस-२२५१ आणि चालू इरिडियम-३३ यांची सैबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर टक्कर होऊन हजारो तुकडे झाले. उपग्रह निकामी झाला तरी त्यावरील अधिकार संपत नाही. म्हणून एखादा तुकडा हटवावयाचा तर तो ज्या राष्ट्राच्या नोंदीतील उपग्रहाचा, त्याची संमती आधी मिळवावी लागते, आणि असे तुकडे स्वतंत्रपणे नोंदविले जात नसल्याने शोध मूळ उपग्रहाच्या नोंदीपासूनच सुरू करावा लागतो.