महाराष्ट्रातील ग्रामीण व स्थलांतरित महिलांमधील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा प्रतिबंध

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा लस व वेळेवर केलेली तपासणी यांच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणात टाळता येणारा कर्करोग आहे. तरीही भारतातील स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाखालोखाल तोच सर्वाधिक आढळतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला व सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. या रोगाच्या प्रतिबंधाविषयीचे काही महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रातील बार्शी, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) व मुंबई येथे झाले. मात्र त्याच मराठवाड्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये तपासणीऐवजी गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियाच मोठ्या संख्येने झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले.

कारण व स्वरूप

हा रोग प्रामुख्याने ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस (एचपीव्ही) या विषाणूच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गामुळे होतो. विषाणूचा प्रसार लैंगिक संपर्कातून होतो. त्याचे १६ व १८ हे प्रकार सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये कारणीभूत असतात. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बहुतेक स्त्रियांमध्ये हा संसर्ग आपोआप नाहीसा होतो. तो टिकून राहिल्यास गर्भाशयमुखाच्या पेशींमध्ये कर्करोगपूर्व बदल होतात व त्यांचे कर्करोगात रूपांतर होण्यास साधारणपणे दहा ते वीस वर्षे लागतात. या काळात स्त्रीला कोणताही त्रास जाणवत नाही. म्हणूनच लक्षणे दिसण्यापूर्वी, निरोगी वाटणाऱ्या स्त्रीची तपासणी करणे हा प्रतिबंधाचा गाभा आहे.

तपासणीच्या पद्धती

* पॅप चाचणी : गर्भाशयमुखावरील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जातात. यासाठी प्रयोगशाळा व प्रशिक्षित तज्ज्ञ आवश्यक असतात.
* ॲसिटिक आम्ल चाचणी : गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के ॲसिटिक आम्ल लावून सुमारे एका मिनिटानंतर पांढरे डाग उमटतात का हे नुसत्या डोळ्यांनी पाहिले जाते. प्रशिक्षित परिचारिका ही चाचणी करू शकते आणि निष्कर्ष लगेच मिळतो.
* एचपीव्ही चाचणी : विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा शोध घेतला जातो. नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते.

कर्करोगपूर्व बदल आढळल्यास तो भाग गोठवून, उष्णतेने जाळून किंवा विद्युत तारेच्या वलयाने कापून काढता येतो. त्यासाठी सहसा गर्भाशय काढावे लागत नाही.

बार्शी व धाराशिव येथील कार्य

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांतील गावांमध्ये नोंदणी कर्मचाऱ्यांनी लोकांशी संवाद साधून रोगाच्या लक्षणांची माहिती दिली. त्यानंतर रुग्ण स्त्रिया तुलनेने लवकरच्या अवस्थेत उपचारांसाठी येऊ लागल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले गेले.

१९९९ मध्ये टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी उस्मानाबाद जिल्ह्यात मोठी चाचणी हाती घेतली. तीत ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. गावांच्या ५२ समूहांची चार गटांत विभागणी करण्यात आली. तीन गटांना वरीलपैकी एकेक चाचणी एकदाच देऊ करण्यात आली, तर चौथ्या गटाला प्रचलित आरोग्यसेवाच उपलब्ध होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही चाचणीच्या गटात या रोगाने ३४, तर चौथ्या गटात ६४ मृत्यू झाले. आयुष्यात एकदा केलेली एचपीव्ही चाचणीही मृत्यूचा धोका जवळपास निम्म्याने कमी करू शकते, असे त्यातून दिसले. उर्वरित दोन चाचण्या एकदाच केल्याने मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही.

मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये मात्र ॲसिटिक आम्ल चाचणी दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा करण्यात आली. सुमारे दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासात मृत्युदर ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले.

या दोन्ही अभ्यासांत तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी न देण्यावर नैतिक आक्षेप घेण्यात आले. त्या काळी भारतात नियमित तपासणी हीच प्रचलित सेवा नव्हती, अशी संशोधकांची भूमिका होती.

ऊसतोड कामगार स्त्रिया

बीड व लगतच्या जिल्ह्यांतील कुटुंबे गाळप हंगामात पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करतात. पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ ‘उचल’ घेतलेली असते आणि गैरहजेरीच्या ‘खाड्या’साठी रक्कम कापली जाते. फडाजवळच्या पालांवर स्वच्छतागृह व पुरेसे पाणी नसल्याने जननमार्गाचे संसर्ग सामान्य असतात. गावातील आशा कार्यकर्ती व प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याशी या स्त्रियांचा संपर्क सुमारे सहा महिने तुटतो.

२०१९ मध्ये विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी किंवा अनियमित पाळी अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेक स्त्रियांना कर्करोगाची भीती दाखवून ‘पिशवी’ काढण्याचा सल्ला दिला गेल्याचे वृत्तांतांमधून पुढे आले. वास्तविक पांढरे जाणे बहुधा संसर्गामुळे असते व औषधांनी बरे होते. कर्करोगाची शंका असल्यास प्रथम तपासणी करणे अपेक्षित असते. कमी वयात गर्भाशयासोबत अंडाशयही काढल्यास हाडे ठिसूळ होणे व हृदयविकार यांचा धोका वाढतो. या प्रकरणानंतर बीडमधील खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक करण्यात आली.

लसीकरण

२००९ मध्ये भारतात सुरू झालेल्या, बार्शी व पुण्यातील केंद्रांचाही समावेश असलेल्या लस अभ्यासातील लसीकरण २०१० मध्ये शासनाच्या आदेशाने थांबले. त्यामुळे अनेक मुलींना एकच मात्रा मिळाली. पुढील दहा वर्षांच्या पाठपुराव्यात एका मात्रेचे संरक्षणही दोन-तीन मात्रांच्या तोडीचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एकमात्रा पद्धतीला मान्यता दिली, त्यात या निष्कर्षांचा वाटा होता. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ या स्वदेशी लसीला परवानगी मिळाली. ९ ते १४ वयोगटातील मुलींच्या लसीकरणास प्रोत्साहन देण्याची घोषणा केंद्र शासनाने २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केली. लस घेतलेल्या स्त्रियांनाही पुढे तपासणी आवश्यक असते.

सद्यस्थिती व अडथळे

केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची दर पाच वर्षांनी ॲसिटिक आम्ल चाचणी अपेक्षित आहे. तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांनी कधीतरी ही तपासणी करून घेतल्याचे आढळले. संकोच, रोजंदारी बुडण्याची भीती, स्त्री डॉक्टरांचा अभाव व त्रास नसताना तपासणी कशाला ही समजूत ही त्यामागची प्रमुख कारणे आहेत.

रुग्णालय जवळ असणे पुरेसे ठरत नाही. पनवेल तालुक्यात कामोठे येथे महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आणि शेजारच्या खारघरमध्ये टाटा मेमोरियल सेंटरचे कर्करोग केंद्र आहे. मात्र त्याच रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे वर्षातील काही महिने वीटभट्ट्यांवर राहतात. अशा स्त्रियांसाठी हंगामापूर्वी व हंगामानंतर गावातच शिबिरे, स्वतः नमुना घेण्याची सोय आणि तपासणीची नोंद सोबत नेता येईल असे आरोग्यपत्र हे उपाय उपयुक्त ठरू शकतात.

हे सुद्धा पहा

* स्तनांचा कर्करोग
* ऊसतोड कामगार
* टाटा मेमोरियल सेंटर
* कामोठे