सीजीपीए : सरासरी, पण साधी नव्हे

गणितात ‘बी प्लस’ आणि प्रात्यक्षिकात ‘ओ’, म्हणजे 7 आणि 10. सरासरी साडेआठ, असा हिशेब पुष्कळ जण मांडतात. गुणपत्रिकेवर मात्र 7.6 दिसतं. गोम आहे क्रेडिटमध्ये. गणिताला 4 क्रेडिट, प्रात्यक्षिकाला 1. म्हणून 7 गुणिले 4 म्हणजे 28, अधिक 10, एकूण 38, भागिले 5. ही झाली एका सत्राची सरासरी; सगळ्या सत्रांच्या मिळून निघणाऱ्या सीजीपीएचंही तेच. पहिल्या सत्रात 20 क्रेडिटना 8 आणि दुसऱ्यात 24 क्रेडिटना 7 असतील, तर उत्तर 7.5 नव्हे, 7.45 येतं. चार क्रेडिटचा विषय टाळून एका क्रेडिटसाठी रात्री जागवणं हा तोट्याचाच सौदा! आणि टक्के काढताना सरसकट साडेनऊने गुणू नका. ते सूत्र सीबीएसईच्या दहावीचं होतं. आपल्या विद्यापीठाचं सूत्र आधी तपासा.