कुत्र्यांची दंगल आणि पांजरपोळ

शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातली भटकी कुत्री उचलून निवारा केंद्रांत ठेवा, पुन्हा तिथे सोडू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025मध्ये बजावले. तेव्हापासून वाद रंगतो आहे तो कुत्री हवीत की नकोत यावर. ही केंद्रे कोणाच्या पैशावर चालणार, हे कोणीच विचारत नाही. मुंबईने हा प्रश्न जवळपास दोनशे वर्षांपूर्वी सोडवला होता.

जून 1832. मोकाट कुत्री मारण्याची सरकारी मोहीम मुंबईच्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, सुरू होती. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे इनाम होते, त्यामुळे पाळीव कुत्र्यांवरही गदा आल्याची ओरड झाली. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान. त्यातच त्यांचा सणाचा दिवस. पारशी रस्त्यावर उतरले, शिपायांशी झटापट झाली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला आणि लष्कराची रसदही अडली. पारश्यांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमानही होते.

सरकारने धरपकड केली. पण तोडगा शहरातल्या शेटियांनी काढला. 1834मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभी राहिली. मारायची ती कुत्री इथे आणा, आम्ही सांभाळतो, असा तो व्यवहार होता. नुसत्या दयेवर हे चालणार नाही, हे त्या व्यापाऱ्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी आपल्याच व्यापारी मालावर लागा, म्हणजे धर्मादाय पट्टी, बसवून घेतला. उलाढाल होत राहील तोवर चाऱ्यापाण्याची सोय होत राहील, अशी ती तजवीज होती.

लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था 1824मध्येच निघाली होती, पण तिचा भर कायदा आणि खटल्यांवर होता. मेरी टील्बी यांनी तिथे बेवारस कुत्र्यांसाठी घर उघडले ते 1860मध्ये, म्हणजे मुंबईनंतर 26 वर्षांनी.

पांजरपोळ ही सांभाळण्याची जागा होती. उपचारांची मोठी सोय पुढे झाली. मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था 1874मध्ये निघाली. त्यानंतरच्या दशकात दिनशा पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने परळचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. ते आजही सुरू आहे.

टिकले ते कायमच्या उत्पन्नाची सोय असलेले काम. आज मात्र आदेश आधी निघतो आणि पैशाची तरतूद मागाहून शोधली जाते. अशा केंद्रांत दाटीवाटी होते, रोग पसरतो आणि कुत्री आत मरतात. रस्त्यावरची हत्या तेवढी नजरेआड होते. म्हणून प्रत्येक महापालिकेने केंद्राची जागा, पशुवैद्यक, माणसे आणि वर्षाचा खर्च आधी जाहीर करावा. कुत्री उचलणारी गाडी त्यानंतरच बाहेर पडावी.