दूरध्वनीवरील सल्ला आणि त्यामागील नोंदवही

शेतकऱ्याला सल्ला वेळेवर मिळावा आणि तो खरा असावा, या दोन गोष्टींपैकी पहिली दूरध्वनीमुळे बरीचशी साधली आहे. केंद्र शासनाने २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू केले. १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत कृषी पदवीधर २२ भाषांतून शेतकऱ्यांच्या शंकांना उत्तरे देतात. काही ठिकाणी मात्र माणसाऐवजी यंत्रच उत्तर देते. "कापसासाठी एक दाबा, सोयाबीनसाठी दोन दाबा," असे ते सांगते आणि कळ दाबताच आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला सल्ला ऐकवते. हा सल्ला आजच्या घडीला खरा आहे की नाही, हे यंत्राच्या पोटातील एका नोंदवहीवर अवलंबून असते. त्या नोंदवहीची निगा कशी राखावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या प्रकारच्या यंत्राला शेतकऱ्याचे बोलणे समजत नाही, कळांचे सूर तेवढे समजतात. प्रत्येक कळ दाबली असता दोन सूर एकदम निघतात. उदाहरणार्थ, पाचच्या कळीचे सूर सेकंदाला ७७० व १३३६ कंपनांचे असतात. सुरांची ही पद्धत १९६३ साली अमेरिकेत लोकांच्या वापरात आली. सुरांची जोडी ओळखली की यंत्र नोंदवहीत पाहते. कोणत्या यादीत कोणत्या कळीला कोणते ध्वनिमुद्रण लावावे, कार्यालयाच्या वेळा व सुट्ट्या कोणत्या, कळ दाबलीच नाही तर किती सेकंद वाट पाहावी, अधिकाऱ्याकडे दूरध्वनी वळवावयाचा तर कोणत्या क्रमांकाकडे, हे सर्व तीत लिहिलेले असते. जाणकार तिला कॉन्फिगरेशन डेटाबेस म्हणतात. पाटकरी जसा पाळीच्या यादीप्रमाणे पाणी सोडतो, तसेच यंत्राचे काम चालते. फरक इतकाच की, यादीत काही चुकीचे दिसले तर पाटकरी निदान विचारपूस तरी करील. यंत्र ती करीत नाही. शिळा सल्ला सांगतानाही त्याचा आवाज अडखळत नाही.

यातून काय अनर्थ ओढवतो ते पाहावे. उसातील हुमणीसाठी फोरेट टाकण्याचा सल्ला पूर्वी सर्रास दिला जात असे. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र शासनाने अठरा पीकसंरक्षक रसायनांविषयी बंदीचा आदेश काढला. त्यांपैकी फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस, फॉस्फामिडॉन आदी सहा रसायनांचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला. एखाद्या यंत्रात २०१७ सालचे ध्वनिमुद्रण तसेच राहिले असेल, तर ते बंदी असलेले विष आजही टाकावयास सांगेल, आणि सल्ला शासकीय क्रमांकावरून आला म्हणून शेतकरी तो निःशंकपणे मानील. पीकविम्याचीही तीच गोष्ट. महाराष्ट्रात खरीप २०२३ पासून एक रुपयात विमा मिळत असे. खरीप २०२५ पासून ती सवलत बंद झाली आणि शेतकऱ्याला खरिपातील अन्नधान्य व गळिताच्या पिकांसाठी विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत, तर नगदी पिकांसाठी पाच टक्क्यांपर्यंत हिस्सा भरावा लागू लागला. जुना संदेश ऐकून एक रुपया घेऊन केंद्रावर गेलेल्या शेतकऱ्याची फेरी तर वाया जातेच. पैशांची जुळवाजुळव करीपर्यंत मुदतही टळून जाते.

नोंदवहीत फेरबदल करताना सर्वांत जास्त घोटाळा कळांच्या क्रमात होतो. समजा, यादीत तूर घालावयाची आहे. ती दोनच्या कळीवर घातली आणि सोयाबीन तीनवर सरकवले. परंतु सुरुवातीचे निवेदन जुनेच राहिले. आता सोयाबीन उत्पादक ऐकल्याप्रमाणे दोन दाबतो आणि त्याला तुरीवरील फवारणी ऐकू येते! सबब निवेदन व नोंद ही एकाच वेळी बदलली पाहिजेत. त्याहून बरे म्हणजे जुन्या पिकांच्या कळा मुळीच हलवू नयेत, नवे पीक शेवटी जोडावे. नेहमी विचारणा करणाऱ्या शेतकऱ्याला आपली कळ पाठ झालेली असते आणि निवेदन संपण्यापूर्वीच तो ती दाबतो.

चालू नोंदवहीवर थेट खाडाखोड करू नये. तिची प्रत काढून प्रतीत बदल करावा, वेगळ्या क्रमांकावर तो ऐकून पाहावा आणि मग रात्री, दूरध्वनी थोडे येतात अशा वेळी, नवी प्रत लागू करावी. त्या क्षणी जे शेतकरी बोलत असतील त्यांचे बोलणे जुन्या यादीवरच पुरे होऊ द्यावे. जुनी प्रत सांभाळून ठेवावी, म्हणजे बिघाड झाल्यास तात्काळ मागे फिरता येते. नोंद केली परंतु ध्वनिमुद्रण चढविलेच नाही, तर नुसती शांतता ऐकू येते आणि शेतकरी दूरध्वनी बंद पडला असे समजून तो ठेवून देतो.

प्रत्येक सल्ल्यापुढे मुदतीचा एक रकाना असावा, ही सुधारणा इतर सर्व सुधारणांपेक्षा मोलाची आहे. २०१८ च्या आदेशात सहा रसायनांसाठी दोन वर्षांहून अधिक अवधी होता. त्याच दिवशी नोंदवहीत अखेरची तारीख घालता आली असती. मुदत टळल्यावर यंत्राने तो सल्ला ऐकवू नये, दूरध्वनी अधिकाऱ्याकडे वळवावा. मुदतीशेजारी जबाबदार अधिकाऱ्याचे पदही लिहावे. व्यक्ती बदलून जाते, पद राहते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरीप व रब्बीच्या तोंडावर आपल्या भागातील अशा क्रमांकावरील प्रत्येक कळ दाबून सल्ला ऐकावा. मुद्दाम चुकीची कळ दाबावी, एकदा काहीच न दाबता थांबावे, एकदा कार्यालय बंद असताना विचारावे. "यंत्र चुकीचे बोलते," एवढ्या तक्रारीवरून दुरुस्ती करता येत नाही. तारीख, वेळ, कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या आणि कोणते शब्द ऐकू आले, हे लिहून कळवावे. शेतकरी बंधूंनी औषध विकत घेण्यापूर्वी वेष्टनावर आपले पीक व कीड यांचा उल्लेख आहे का, हे पाहावे आणि ऐकलेल्या सल्ल्याशी त्याचा मेळ बसत नसल्यास कार्यकर्त्यास सांगावे. दुरुस्ती झाल्याचे कळल्यावर त्याच कळा पुन्हा दाबून खात्री करून घ्यावी. कित्येकदा मराठीतील ध्वनिमुद्रण बदललेले असते आणि हिंदीतील तसेच राहून गेलेले असते.