पिंजरा नळीचा, भरवसा जोडाचा

मानखुर्दला मंडाळ्याच्या भंगार गोदामांत काय मिळत नाही? पाइप तर ढिगाने. इंजिनिअरिंगच्या मुलांना स्पर्धेची गाडी बांधायची असते, खिशात पैसे बेताचे आणि असा जाडजूड पाइप हाती आला की वाटतं, हा कशाला वाकतोय! रोल केजबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज तो हाच.

गाडी उलटून कोलांट्या खाऊ लागली तरी चालकाभोवतीची जागा चेपू नये, म्हणून उभारलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा म्हणजे रोल केज. मुलं त्याला सरळ ‘केज’ म्हणतात. त्याची खरी शाळा म्हणजे ‘बाजा एसएई इंडिया’ ही स्पर्धा. अमेरिकेत १९७६ साली निघालेली ही कल्पना २००७ मध्ये मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला आली. विद्याविहारच्या सोमय्या कॉलेजचा ‘रेडशिफ्ट रेसिंग इंडिया’ याच मैदानातला संघ. एका माणसाची छोटी गाडी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बांधायची आणि शेवटी चार तास खड्ड्याखळग्यांतून पळवायची.

नियमपुस्तकातली मूळ नळी सुमारे २५ मिमी बाहेरच्या व्यासाची, ३ मिमी जाडीची. पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के. दुसरी नळी वापरायची मुभा आहे, पण ती वाकण्याला तितकाच विरोध करते हे आकडेमोडीने दाखवावं लागतं. गंमत इथेच आहे. २९.२ मिमी व्यासाची आणि अवघ्या १.६५ मिमी जाडीची नळी घ्या. तिचा ताठपणा मूळ नळीइतकाच भरतो, कारण नळीचा ताठपणा ठरतो तो धातू मध्यापासून किती लांब आहे यावर. वजन मात्र मीटरमागे सुमारे १.७ किलोवरून १.१ किलोवर येतं. म्हणजे एक तृतीयांश बचत! पण फुकट काही मिळत नाही. ताठपणा जमला तरी मजबुतीही तेवढीच हवी, आणि साध्या पोलादाची पातळ नळी तिथे कमी पडते. म्हणून ४१३० जातीचं क्रोमोली पोलाद घ्यायचं. त्यासोबत येतं मिलचं टेस्ट सर्टिफिकेट. भंगारातल्या पाइपाकडे हाच जन्मदाखला नसतो. तो पाण्याचा, जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप निघाला तर वेल्डिंग करताना जस्ताचा धूर होतो आणि जोडात सच्छिद्रपणा राहतो, तो निराळाच.

एवढं करून केज मोडतो तो सहसा नळीच्या मध्यावर नाही, जोडापाशी. एका नळीचं टोक दुसरीच्या गोलाईवर चपखल बसावं म्हणून त्याला माशाच्या तोंडासारखी खाच घालतात, ‘फिशमाउथ’. घाईत खाच वेडीवाकडी झाली की फट राहते आणि कारागीर ती वेल्डने बुजवतो. वरून ग्राइंडर फिरवला की जोड गुळगुळीत दिसतो; दिसतो एवढंच, कारण घासताना धातूही गेलेला असतो. बाजाच्या परीक्षकांना हे ठाऊक आहे. म्हणून वेल्डचे दोन नमुने मागतात. पहिला काटकोनातला जोड तुटेपर्यंत ताणायचा, आणि तो तुटला पाहिजे नळीत, वेल्डमध्ये नव्हे. दुसरा ३० अंशांतला जोड उभा कापायचा, म्हणजे वेल्ड आतवर मुरलाय की नुसता वर बसलाय हे उघड्या डोळ्यांना दिसतं. गाडीच्या रंगरूपापेक्षा हे दोन तुकडे मला जास्त बोलके वाटतात.

मांडणीचं सूत्र साधं: त्रिकोण. चौकोन ढकलला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. म्हणून चालकाच्या पाठीमागच्या कमानीत कर्णरेषेसारखी तिरपी नळी हवीच. नळ्या जिथे भेटतात तिथे नेमक्या एका बिंदूत भेटाव्यात. नाहीतर भार मधेच एखाद्या उघड्या लांबीवर पडतो.

रॅलीच्या बंद गाडीत अजून एक भानगड. बॉडीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. केजचा पाय त्यावर थेट ठेवला तर उलटताना तो पत्रा फोडून खाली उतरेल. म्हणून मोटार खेळांची जागतिक संस्था एफआयए मुख्य कमानीच्या पायाखाली किमान ३ मिमी जाड, १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी आणि किमान तीन बोल्ट सांगते. मुख्य कमानीची नळी अखंड, बिनशिवणीची. ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिमी.

आणि डोकं? बाजात हेल्मेट आणि नळ्यांच्या रेषेत किमान १५२ मिमी अंतर लागतं, बाकी शरीराला ७६. शिवाय पट्टे सोडून पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. ही अंतरं हेल्मेट घातलेल्या, अनेक पट्ट्यांनी आवळलेल्या माणसासाठी आहेत. रोजच्या गाडीत हौसेने केज बसवला, तर साध्या टकरीतही उघडं डोकं त्याच नळीवर आपटेल, आणि बाजूची पडद्यासारखी एअरबॅग उघडायला वाट उरणार नाही. नाशकात बनणाऱ्या २०२० च्या थारमध्ये कारखान्यातूनच रोल केज येतो, पण तो गाडीच्या रचनेबरोबर आखलेला असतो. गाळ्यात वाकवलेल्या चकचकीत पाइपांशी त्याचं नातं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत असे फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. बाजाच्या गाड्यांचा हा प्रश्नच नाही, त्यांना तर नंबरप्लेटच नसते. त्या पिथमपूरला टेम्पोत चढूनच जातात.