नव्वद टक्क्यांचे बारा शनिवार

एखादा संघ इतका तगडा आहे की समोर कुणीही असो, त्याच्या विजयाची शक्यता नव्वद टक्के, असं धरून चालू. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये नियमित हंगामात सर्वोच्च गटातला संघ साधारणपणे १२ सामने खेळतो. ०.९ चा बारावा घात काढला तर उत्तर येतं ०.२८. म्हणजे दर चार हंगामांतल्या जवळपास तीन हंगामांत हा तगडा संघ कुठे ना कुठे मार खाणारच. आणि या खेळात बराच काळ एका पराभवाने अख्खं वर्ष हातचं जाऊ शकत होतं.

हेल्मेट घालून, लांबट चेंडू छातीशी धरून धावायचा हा अमेरिकन फुटबॉल. खेळणारी मुलं विद्यापीठात शिकणारी, पण मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. आपल्याकडून तिकडे एमएसला गेलेल्या मुलांना पहिल्याच सत्रात कळून चुकतं, की सामना असलेल्या शनिवारी गावात दुसरं काहीच चालत नाही. एवढ्या जिव्हाळ्याच्या खेळात सर्वोत्तम संघ कोणता, या साध्या प्रश्नावर शंभर वर्षं भांडण चालू आहे, आणि त्याचं मूळ गणितात आहे.

२०२४ मध्ये सर्वोच्च गटात १३४ संघ होते. त्यांच्या जोड्या होतात ८,९११. सामने मात्र आठशेच्या आसपास. दहातल्या नऊ जोड्या कधी आमनेसामने येतच नाहीत. मग ‘अ’ने ‘ब’ला हरवलं, ‘ब’ने ‘क’ला, अशा साखळ्या जोडत तुलना करावी लागते. इलिनॉय विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी १९२० च्या दशकातच अशी गुणांकन पद्धत बसवली होती. संगणकाला खरा अधिकार मिळाला तो १९९८ मध्ये, ‘बीसीएस’ पद्धत आली तेव्हा. अंतिम लढतीचे दोन संघ ठरवताना पत्रकार आणि प्रशिक्षकांच्या मतांबरोबर संगणकी क्रमवारीही धरली जाऊ लागली.

या क्रमवारीतला एक प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. वेस्ली कॉली या खगोलभौतिकीच्या अभ्यासकाच्या पद्धतीत प्रत्येक संघ अर्ध्या गुणापासून सुरुवात करतो आणि सगळ्या संघांची समीकरणं एकाच वेळी सोडवली जातात. २०१० च्या डिसेंबरमध्ये त्याच्या माहितीत एक निकाल भरायचा राहून गेला. सामना होता ॲपलाचियन स्टेट आणि वेस्टर्न इलिनॉय यांचा. दोन्ही संघ खालच्या गटातले. तो निकाल घातल्याबरोबर बीसीएसच्या यादीत दहावा आणि अकरावा क्रमांक उलटे झाले: बॉइझी स्टेट वर, एलएसयू खाली. त्या सामन्याशी दोघांचाही थेट संबंध नव्हता. समीकरणं एकमेकांत गुंतलेली असली की एका कोपऱ्यातला धागा ओढल्यावर दुसरा कोपरा हलतो. चूक पकडता आली, कारण कॉलीने आपली पद्धत पूर्ण उघड केली होती. बाकीच्या बहुतेकांनी ती झाकून ठेवली. देशाचा विजेता ठरवणारं सूत्र लोकांना तपासता येऊ नये, हे मला आजही अक्षम्य वाटतं.

त्याआधी, २००२ मध्ये, संगणकांनी विजयाचं अंतर मोजू नये असा नियम झाला. दुबळ्या संघावर उगाच गुणांचा डोंगर रचला जाऊ नये हा हेतू चांगला होता, पण त्यामुळे यंत्राचा एक डोळा बांधला गेला. पुढच्याच वर्षी ओक्लाहोमा आपल्या विभागाच्या अंतिम सामन्यात कॅन्सस स्टेटकडून ३५-७ असा हरला, तरी बीसीएसमध्ये पहिला राहिला. दोन्ही मतदानांत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्निया बाहेर बसला आणि त्या वर्षी देशात दोन विजेते झाले.

ही सगळी यंत्रं मागे वळून पाहणारी होती. सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर खेळवलेला काल्पनिक हंगाम, पुढे पाहतं. त्याची युक्ती लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेतली. १९४६ मध्ये आजारातून उठत असलेला गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम एकट्याने पत्ते खेळत होता. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा शंभर डाव मांडून मोजणं सोपं, असं त्याच्या मनात आलं. फॉन नॉयमन या सहकारी गणितज्ञाच्या साथीने त्यातून माँटे कार्लो पद्धत उभी राहिली.

फुटबॉलमध्ये ती अशी चालते. दोन संघांच्या गुणांकनातला फरक घ्यायचा, घरच्या मैदानाचे दोन-तीन गुण मिळवायचे. समजा, एक संघ ८ गुणांनी सरस ठरला. कॉलेज सामन्यांचे निकाल अशा अंदाजाभोवती साधारण १६ गुणांच्या प्रमाण विचलनाने पसरतात. संगणक त्या पसाऱ्यातून एक आकडा उचलतो. तो शून्याखाली गेला की सरस संघ हरला. शंभरातून एकतीस वेळा असंच होतं. हंगामातले सगळे सामने असे खेळवायचे, विभागांचे विजेते काढायचे आणि हजारो वेळा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

खरी मेख पुढे आहे. संघाचं गुणांकन हाच मुळात अंदाज असतो; मुलं पदवी घेऊन जातात, आता तर सहज दुसऱ्या विद्यापीठाकडे वळतात. तो अंदाज चुकला तर एका शनिवारी नाही, बाराही शनिवारी चुकतो. म्हणून जाणकार मंडळी प्रत्येक काल्पनिक हंगामाआधी संघाची ताकदही थोडी वरखाली करून घेतात. हे न करणारं सिम्युलेशन नको इतक्या खात्रीने बोलतं. चांगल्या सिम्युलेशनची कसोटी हीच: ज्यांना त्याने सत्तर टक्के दिले, त्यांतले तीस टक्के हरलेही पाहिजेत.

पण ‘कोण जिंकेल’ आणि ‘कुणी हक्क कमावला’ हे प्रश्न निराळे आहेत. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने १३ पैकी १३ सामने जिंकले. नोव्हेंबरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय जायबंदी झाला. तोवर बीसीएस जाऊन चार संघांची बाद फेरी आली होती; तिचे संघ निवडणाऱ्या समितीने त्यांना पाचवं ठेवलं आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला चौथी, शेवटची जागा दिली. पुढे ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असं लोळवलं. त्यांच्या अनेक प्रमुख खेळाडूंनी तेव्हा माघार घेतली होती. हा निकाल समितीच्या बाजूने दाखवला जातो. मला तो पटत नाही. तेरा सामने मैदानावर जिंकलेल्या मुलांना, पुढे तुम्ही हराल असं वाटतं म्हणून बाहेर ठेवणं हा अन्यायच होता, अंदाज कितीही बरोबर असो.

पुढच्या वर्षी बाद फेरीत चाराऐवजी १२ संघ घेतले गेले. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनविरुद्ध सुमारे वीस गुणांनी सरस मानला गेला होता. वरच्याच गणिताने त्याच्या पराभवाची शक्यता दहात एक. तो १३-१० असा हरला आणि समितीच्या शेवटच्या यादीत सहावा आला. नंतर त्याने टेनेसी, तोवर अपराजित असलेला ओरेगॉन, टेक्सस आणि २० जानेवारीला अटलांटात नोत्र दामला हरवून विजेतेपद घेतलं. जुन्या पद्धतीत हे चारही सामने त्याला खेळायलाच मिळाले नसते.